सोनूला दिलेली तांब्याची तार

महिन्यापूर्वी शाळेच्या फाटकाबाहेर एक म्हातारा उन्हात उभा होता. आत या म्हटलं तरी आला नाही. "मास्तर, आमचा सोनू गेला. मुंबईत, तापानं," एवढंच म्हणाला. पंधरा वर्षांपूर्वी सोनू रत्नागिरीच्या आमच्या शाळेत माझा विद्यार्थी होता. अस्पृश्य समाजातला, वर्गातला एकटा. त्याच्याविषयी चांगलं लिहावं म्हणून बसलो, आणि जे आठवतं त्याने किळस येते… माझीच.

गावात तेव्हा वीज नव्हती. मी हौसेने बॅटरी आणि झटका देणारी कॉइल मागवली होती. मुलांनी हात धरून गोल करायचा, टोकाच्या दोघांनी कॉइलच्या तारा धरायच्या, की सगळ्यांना एकदम झिणझिण्या. सोनू सर्वांच्या आधी उभा राहिला. त्याच्या दोन्ही बाजूंची जागा मोकळीच राहिली. "मास्तर, घरी कळलं तर आई सालटं काढील," एक जण म्हणाला. "त्याला खिडकीचा गज धरू दे!" दुसरा ओरडला. वर्ग हसला. मला नोकरीची भीती वाटली हे खरं; पण त्याहून वाईट म्हणजे मला एक युक्ती सुचली आणि तिचा अभिमान वाटला. तांब्याच्या तारेचे हातभर दोन तुकडे कापून मी सोनूच्या दोन्ही मुठींत दिले. दुसरी टोकं शेजाऱ्यांनी धरायची. "तांबं उत्तम वाहक. शिवाशिव नाही आणि विजेचं मंडलही पूर्ण!"

सोनूने तारांकडे पाहिलं. "पण मास्तर, माझ्या अंगातनं गेलेली वीज पुढं ह्यांच्या अंगात जाणार ना? ती चालते?"

मंडल म्हणजे काय, हे इतकं नेमकं त्या वर्षी कुणालाच कळलं नव्हतं. मी "वाह्यात बोलू नकोस" म्हणून त्याला वर्गाबाहेर काढलं. मग गोल हातांनीच जुळला, मुलं खिदळली. सोनूने पुन्हा कधी प्रश्न विचारला नाही. पुढे तो मुंबईत वायरमन झाला. गणपतीला गावी आला की रस्त्यात नमस्कार करी, आणि मी माफीचे शब्द जुळवीपर्यंत निघून जाई… खोटं कशाला, मीच निघून जात असे.

ती माफी निदान त्याच्या बापाजवळ मागावी म्हणून निरोप धाडून गेल्या रविवारी त्यांच्या वस्तीवर गेलो. म्हाताऱ्याने मला ओटीवर बसवलं आणि लांबूनच कोपऱ्यातला झाकलेला पाण्याचा पेला दाखवला. "घ्या मास्तर. शेजारच्या वाडीतल्या भंडाऱ्यांनी आणून ठेवलंय. आमचा हात नाही लागलेला."

मी प्यालो. आधी हायसं वाटलं. शरम नंतर आली. माफीसाठी उघडलेलं तोंड मी उपरण्याने पुसलं आणि म्हणालो, "पाणी गोड आहे."