घाटासाठी राखून ठेवलेला गारवा

सकाळी साडेसहाला नंदाचा फोन आला. नंदा म्हणजे माझ्या बायकोची, सुलभाची, धाकटी बहीण. ती एवढंच म्हणाली, "भाऊजी, हे उठून नाही राहिले..." मी राजेंद्र नगरहून छत्रीबागेतल्या त्यांच्या घरी पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. श्यामराव झोपेतच गेले होते, कुशीवर वळलेले, एक हात उशीखाली. खोलीत माणसं जमली होती, कोणी हलक्या आवाजात फोन करत होतं, आणि कोपऱ्यातला कूलर आपला फिरतच होता. तो बंद करायचं कोणालाच सुचलं नव्हतं. चाळीसेक वर्षं इंदूरभर लोकांचे फ्रिज आणि एसी दुरुस्त करत हिंडलेल्या या माणसाच्या घरी एसी कधी आलाच नाही. कोणी छेडलं तर म्हणायचे, "दिवसभर गारव्यातच असतो ना भिया, घरी तरी थोडा घाम येऊ दे."

श्यामराव माझे साडू. आपल्याकडे हे नातं थट्टेचंच. एकाच सासऱ्याने दोघांना पसंत केलेलं असतं, आणि पुढे जन्मभर दोघांनाही वाटत राहतं की सासऱ्यांची खरी पारख आपल्याच बाबतीत दिसली. मी थोरला जावई, कॉलेजात फिजिक्स शिकवणारा. ते धाकटे, गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानाचे मालक. ते मला 'सर' म्हणत आणि मी ते खुशाल म्हणू देत असे. त्यांना जाऊन आता पाच आठवडे झाले. ते गेल्यावर दहा दिवसांनी मला कळलं की नऊ वर्षं मी त्यांच्यासमोर एक गोष्ट ठासून चुकीची सांगत होतो, आणि ती चुकीची आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यांनी एकदाही मला अडवलं नाही. का? मनातल्या मनात मला हसत होते का? अडुसष्टाव्या वर्षी माणसाने असल्या प्रश्नाने बेचैन व्हावं हे बरं दिसत नाही, पण झालो खरा.

दोघी बहिणींचं माहेर महेश्वरचं. दर वर्षी मे महिन्यात आम्ही चौघं श्यामरावांच्या गाडीने तिथे जात असू. भल्या सकाळी निघायचं, नर्मदेत अंघोळ करायची, मेव्हण्याकडे आमरसाचं जेवण, आणि तीनच्या सुमारास परत. सगळे सांगत, ऊन उतरल्यावर निघा, पण श्यामरावांना दुकान उघडायचं असे. त्या परतीच्या वाटेची मला आज सारखी आठवण येते. पोटात आमरस, अंगावर नदीच्या पाण्याचा वास, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं ऊन. धामनोदनंतरचा सपाट रस्ता दूरवर पाण्यासारखा हलायचा आणि समोरून येणारे ट्रक त्या पाण्यातून वर येताहेत असं वाटायचं. मागच्या सीटवर माझा डोळा लागायचा. झोप म्हणावी तर झोप नाही, जाग म्हणावी तर जाग नाही... दोघी बहिणींचं बोलणं ऐकू यायचं, शब्द कळायचे नाहीत, आणि अधूनमधून श्यामरावांची मान दिसायची, तिच्यावर गुंडाळलेला ओला पंचा. मग पुढून मोठ्याने आवाज यायचा, "सर, घाट आला! एसी बंद करतो हं!" आणि मी दचकून सरळ बसायचो.

मानपूरच्या घाटात एसी बंद करायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. चढावर इंजिनाला आधीच दम लागतो, त्यात एसीचा कंप्रेसर कशाला ओढायला लावायचा? म्हणून काचा खाली करायच्या, गरम वारा तोंडावर घ्यायचा, आणि वर मानपूरला पोचलं की पुन्हा एसी सुरू. सगळे ड्रायव्हर असंच करतात. श्यामरावांची गाडी मात्र सगळ्यांसारखी नव्हती. जुनीच पेट्रोल गाडी, सेकंडहँड घेतलेली, पण तिच्या इंजिनाला त्यांनी एका परदेशी गाडीच्या भंगारातून मिळालेला सुपरचार्जर बसवला होता. सुपरचार्जर म्हणजे पट्ट्यावर फिरणारा एक पंप. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, आणि हवा जास्त म्हणजे ताकद जास्त. अडचण एकच, कोंबलेली हवा तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप हाताला चटके देऊ लागतो, तसंच. तापलेली हवा विरळ होते आणि मिळवलेली ताकद तिथेच जाते. बसवल्या वर्षीच्या मे महिन्यात घाटात तापून इंजिन एवढं टकटकू लागलं की आम्हाला दोनदा थांबावं लागलं.

त्यानंतर आठवड्याने श्यामराव माझ्याकडे आले. चहाचा कप हातातच धरून म्हणाले, "सर, एक बात डोक्यात घुसून राहिली आहे. इंजिनात जाणारी हवा एसीनंच गार केली तर?" मी हातातल्या पेनने समोर पडलेल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर लगेच गणित मांडलं. कंप्रेसर फिरवायला इंजिनाची एवढी ताकद जाणार, गार हवेने एवढी परत मिळणार, वजाबाकी करा, हातात काही उरत नाही, उलट खड्ड्यात. "श्यामराव," मी म्हणालो, "हे म्हणजे आपल्याच खांद्यावर बसून भिंत चढण्यासारखं झालं." ते हसले. पत्रिकेची घडी घालून त्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली. "जसं तुम्ही म्हणाल, सर."

इथवर ठीक होतं. पण त्याच वर्षी मेव्हण्याच्या नातवाची मुंज झाली, आणि जेवणाच्या पंगतीत मी हा किस्सा रंगवून सांगितला. खांदा, भिंत, सगळं. मला गोष्ट सांगता येते, शिकवण्याचा धंदाच तो. अख्खी पंगत हसली. वाढायला आलेली मुलंसुद्धा हसली. श्यामराव समोरच बसले होते. त्यांनीही हसून मठ्ठ्याचा पेला उचलला आणि तो संपेपर्यंत खाली ठेवला नाही. आज मला तो पेला दिसतो. तेव्हा दिसला असता तर फार बरं झालं असतं.

पुढच्या मे महिन्यापासून गाडी घाट चढू लागली. नुसती चढू लागली नाही, सरसर चढू लागली. ट्रक मागे पडायचे, नव्या कोऱ्या गाड्या मागे पडायच्या. काचा उघड्या, दोघींचे पदर उडताहेत, पळसाची पानं धुळीने पांढरी झालेली, आणि मी मागच्या सीटवरून व्याख्यान देतोय. "बघा, एसी बंद केला की काय होतं! कंप्रेसरचा भार उतरला, आता सगळी ताकद चाकांना. आणि हे महाराज त्याच एसीने इंजिन गार करायला निघाले होते!" श्यामराव आरशातून माझ्याकडे बघत म्हणायचे, "हो ना, सर." नंदा खिडकीबाहेर बघायची. हे दर वर्षी व्हायचं. आणखी एक गोष्ट दर वर्षी व्हायची. महेश्वरहून घाटापर्यंत एसी कसाबसाच चालायचा, झुळूक यायची पण गारवा नाही. मी म्हणायचो, "एसीवाल्याच्या गाडीतच एसी चालत नाही, काय म्हणावं!" ते म्हणायचे, "गॅस कमी झाला असेल सर, जाऊन बघतो." पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मला एकदाही शंका आली नाही. विद्यार्थ्यांच्या चुका शोधण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला आपल्या पुढ्यातली चूक दिसली नाही.

दहाव्या दिवशी आम्ही अस्थी घेऊन महेश्वरला गेलो. श्यामरावांचीच गाडी, चालवायला मी. नर्मदा शांत होती. नंदाने मडकं स्वतःच्या हाताने पाण्यात रिकामं केलं आणि पाणी पुन्हा स्वच्छ होईपर्यंत गुडघाभर पाण्यात उभी राहिली. सुलभाने दोनदा हाक मारली, मग तीही काठावर उभी राहिली. परत निघताना तेच ऊन, तोच तीनचा सुमार. सुलभा मागे आडवी झाली आणि झोपली. नंदा माझ्या शेजारी, पुढे. गुजरी गाव मागे पडलं, घाटाचा डोंगर समोर आला. मी सवयीने एसीच्या बटणाकडे हात नेला.

"थांबा भाऊजी," नंदा म्हणाली. "एसी बंद करा, पण आधी हे." तिने डॅशबोर्डखाली हात घालून कसलासा खटका दाबला. मागे डिकीत काहीतरी हलकेच घुमू लागलं.

"हे काय?"

"पाण्याचा पंप." तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "म्हणजे यांनी तुम्हाला सांगितलंच नाही... मला वाटलं, मागच्या खेपेला तरी सांगितलं असेल."

मग चढावर, हळूहळू, तिने सांगितलं. तिला त्यातलं यंत्र फारसं कळत नव्हतं, पण नवऱ्याने जे सांगितलं ते शब्दन् शब्द लक्षात होतं. डिकीत पाण्याची टाकी होती. महेश्वरपासून घाटापर्यंतच्या सपाट रस्त्यावर एसीचा निम्मा गारवा आमच्याकडे न येता त्या टाकीत जायचा. घाट आला की एसी खरंच बंद व्हायचा, आणि टाकीतलं बर्फासारखं पाणी इंजिनात शिरणाऱ्या हवेभोवती फिरायचं. चढावर कंप्रेसरचा भार नाही आणि हवाही गार. नंदा म्हणाली, "हे म्हणायचे, सरांचं गणित तर एकदम बरोबर आहे. फक्त ते दिवसभर चालणाऱ्या मशीनचं आहे. आपल्याला तर सात मिनिटांचा घाट चढायचाय."

एवढं सोपं होतं ते. गारवा जेव्हा लागतो तेव्हाच तयार करावा लागतो, असं मी न विचारता धरून चाललो होतो. घरी खिडकीत माठ ठेवून त्यातलं पाणी दुपारी पिणारा मी! गाडी वळणामागून वळण घेत होती, पायाखाली इंजिन एका लयीत चाललं होतं, गरम वारा कानाशी घुमत होता. मला क्षणभर वाटलं, मी मागेच बसलोय आणि चालवताहेत श्यामराव. डोळे चोळावेसे वाटले, पण हात स्टिअरिंगवरून काढता येत नव्हते.

"नंदा, खरं सांग," मी विचारलं. "मला हसत होते का ते?"

"पहिल्या वर्षी हसले," ती म्हणाली. "घरी येऊन पोट धरून हसले. खोटं कशाला सांगू? त्या मुंजीत त्यांना लागलं होतं, भाऊजी. दोन दिवस दुकानात नाही गेले." तिने पदराने मान पुसली. "दुसऱ्या वर्षी मीच म्हटलं, आता सांगून टाका, भाऊजी एवढं ठासून बोलतात, बरं नाही वाटत. तर म्हणाले, अगं, एवढा शिकलेला माणूस पूर्ण घाटभर माझ्या गाडीची तारीफ करून राहिला आहे. कारण चुकीचं असेल, पण तारीफ तर माझ्याच गाडीची आहे ना? सांगितलं तर पुढच्या घाटात सर गप्प बसतील. मग मजा काय राहिली?"

मी पुढच्या वळणासाठी गिअर बदलला.

"तुम्ही झोपलेले असायचे ना," ती पुढे म्हणाली, "म्हणून तर मोठ्याने ओरडायचे, एसी बंद करतो म्हणून. नाहीतर सांगायची काय गरज होती? तुम्ही उठावं, बोलायला लागावं, म्हणून. मग आरशात बघत राहायचे, तुम्ही सुरू झालात का ते."

घाट संपला. मानपूरच्या अलीकडे कडुलिंबाची सावली बघून मी गाडी बाजूला घेतली. सुलभा अजून झोपलेली होती. नंदा उतरली आणि तिने डिकी उघडली. सटर-फटर सामान बाजूला सारल्यावर खाली एक गोधडी दिसली, नंदाच्याच जुन्या साड्यांची, तिनेच शिवलेली. तिने ती उलगडली. आत दूधवाल्यांकडे असते तशी एक स्टीलची बुटकी कॅन होती, दोन नळ्या आत गेलेल्या, सांधे इतके स्वच्छ की हात फिरवावा. मी तळवा टेकवला. बाहेर झाडाची पानं उन्हाने मलूल झाली होती, गाडीचा पत्रा तापून हात लावू देत नव्हता, आणि तिथे, पाणी घाटभर फिरून आल्यावरही, गार होतं. सकाळी नर्मदेत पाय टाकल्यावर लागलं होतं त्याहून गार. श्यामरावांनी कधीकाळी केलेल्या सोयीने, त्यांच्यामागे आज आपोआप साठलेला गारवा.

"श्यामराव, मी चुकलो होतो," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. पंगतीत जेवढ्या मोठ्याने बोललो होतो तेवढ्या मोठ्याने म्हणायला हवं होतं, पण तेवढं जमलं नाही. नंदा रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. एक ट्रक गेला, धूळ उडाली, खाली बसली. माझा हात कॅनवरून निघत नव्हता.

मग ती वळली. "झाकून टाका भाऊजी," म्हणाली, "गारवा निघून जाईल."

मी गोधडी पुन्हा कॅनवर घातली, चारी बाजूंनी नीट खोचली, आणि सुलभा जागी होऊ नये म्हणून डिकी हळूच लावली.