हेडफोनमधून गायक नाहीसा झाला तेव्हा

आमचे अण्णा सोलापुरात टॉवेलच्या मागावर तीस-बत्तीस वर्षं उभे राहिले. त्या खडखडाटानं त्यांचे कान गेले. अगदी ठार बहिरे नाहीत, पण जवळ जाऊन मोठ्यानं बोललं तरच कळतं. कानातलं यंत्र आहे, ते बोलण्यापुरतं चालतं. गाणं लावलं की त्यातून पत्र्यावर खडे ओतल्यासारखं वाजतं, म्हणून ते काढून ठेवतात. आणि गाण्यावर तर त्यांचा भारी जीव. तरुणपणी आमच्या वस्तीच्या गायन पार्टीत ते ढोलकी वाजवायचे. एप्रिलातल्या जयंतीच्या दिवसांत पार्टी गावोगाव फिरायची. माझ्या जन्माआधीच पार्टी मोडली, त्यामुळं मी त्यांची ढोलकी कधी ऐकलीच नव्हती.

गेल्या हिवाळ्यात पार्टीच्या मुख्य गायकाच्या मुलीचा करकंबहून फोन आला. वडील वारल्यावर ट्रंक आवरताना तिला एक कॅसेट सापडली होती. तिनं ती दुकानातून मोबाइलवर उतरवून घेतली आणि मला पाठवली. ऑफिसात डबा खायच्या सुट्टीत मी इअरफोन लावले. आधी खोकल्याचा आवाज, मग पेटी, आणि मग ढोलकी अशी काही उसळली की माझा घास हातातच राहिला.

घरी येऊन मोबाइल अण्णांच्या कानाला लावला. ते बराच वेळ डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "कायतरी किणकिणतंय. आमचं हाय म्हणतीस तर असंल."

माझ्याच्यानं ते ऐकवेना. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं सुचवलं, कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या आणि त्यांना जोर देणारा टेबलावरचा अँप्लिफायर घ्या. कानाच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बेतानं आणि थोडा वेळ ऐकायला हरकत नाही. दोन्ही मागवलं. रविवारी सकाळी खोकं फोडलं तेव्हा अण्णा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते.

अँप्लिफायर म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी. पुढं आवाजाचं गोल बटण आणि एक मोठं भोक. हेडफोनची पिन बारीक, म्हणून तिच्यावर जाड पिन चढवायची. हेडफोनसोबत आलेली ती पिन, दुकानात तिला कन्व्हर्टर म्हणतात, मी लावली. लॅपटॉप जोडला. गाणं सुरू केलं.

अण्णांनी मान हलवली. "न्हाय गं."

बटण अर्ध्यावर नेलं, मग पाऊण. न्हाय. हेडफोन मी माझ्या कानांना लावले तर नुसती कॅसेटची सरसर. लॅपटॉपचा आवाज चाळीसवर राहिला होता, तो शंभर केला. पेटीच्या मागं जोर वाढवायचा एक खटका होता, तो वर केला. सरसर तेवढी वाढली. एवढी मोठी वस्तू आणि माझ्या साध्या इअरफोनपेक्षाही कमी आवाज. परत पाठवायच्या विचारानं मी खोक्यातला थर्माकोल गोळा करायला लागले.

आवरता आवरता, पेटी चालते तरी का बघू म्हणून मी हेडफोन परत अण्णांच्या कानांवर चढवले आणि दुसरं एक सिनेमाचं गाणं लावलं. अण्णा ताठ बसले.

"हे येतंय की," ते म्हणाले. थोडं ऐकून त्यांनी कपाळाला आठी घातली. "पण गाणारा कुटं गेला? नुसतंच वाजतंय."

मी हेडफोन घेतले. खरंच की. व्हायोलिनं वाजत होती, आणि गायक मात्र विहिरीच्या तळाशी बसून गुणगुणावं तसा. माझ्या लक्षात आलं, हे आवाज कमी असण्याचं दुखणं नाही. दुखणं काहीतरी वेगळं आहे.

गल्लीच्या तोंडाशी लग्नाकार्यात स्पीकर भाड्यानं देणारे एक काका राहतात. त्यांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "ताई, आधी बटण शून्यावर आणा. दुरुस्त झालं तर एकदम कानात फुटंल." मी आणलं. मग त्यांनी विचारलं, "हेडफोन सरळ लॅपटॉपला लावले तर गायक येतो का?"

लावले. आला. कॅसेटमधली ढोलकीसुद्धा आली, बारीक पण स्वच्छ.

"मग तुमचा कन्व्हर्टर खराब हाय. घेऊन या."

मी चपला न घालताच निघाले होते, दारातून परत फिरले. काकांनी पिनेला मीटर लावून दाखवला. हेडफोनला तीन वाटा असतात, ते म्हणाले. एक डाव्या कानाची, एक उजव्याची, आणि तिसरी दोघांची मिळून परतीची. इथं तिसरीच तुटलीय. ती तुटली की दोन्ही कानांत जे सारखं असतं ते एकमेकांना मारतं, आणि फरक तेवढा उरतो. गायक दोन्हीकडं सारखा, म्हणून तो गेला. जुनी कॅसेट तर सगळीच सारखी, मग उरणार काय? सरसर.

मला हसू आवरेना. मी अर्धा तास बटणं पिळत होते, आणि दुखणं नेमकं ओळखलं ते कमी ऐकू येणाऱ्या माणसानं.

काकांनी त्यांच्या हत्यारांच्या पेटीतली दुसरी पिन दिली. घरी येऊन मागचा खटका खाली केला, लॅपटॉपचा आवाज कमी केला आणि बटण शून्यापासून हळूहळू फिरवत गेले. ते पाव भागसुद्धा फिरलं नव्हतं, तोच अण्णांचा हात वर आला. थांब.

त्यांनी डोळे मिटले नाहीत. समोर भिंतीकडं बघत राहिले. मग उजव्या हाताची बोटं टेबलावर पडायला लागली, आधी चुकत, मग बरोब्बर. तिसऱ्या कडव्याला ते एकदम थांबले आणि खुदकन हसले.

"हितं चुकलोय मी. ठेका सुटलाय बग. गायकानं सांभाळून घेतलं, म्हणून कुणाला कळलं न्हाय."

"परत लावू?" मी हेडफोन जरा बाजूला करून त्यांच्या कानाशी मोठ्यानं विचारलं.

"लाव की. तेवढंच लाव."

ती चूक आम्ही चार वेळा ऐकली. मग मी मोबाइलवर करकंबला फोन लावला आणि अण्णांच्या तोंडाजवळ धरला. तिकडचं त्यांना काही ऐकू आलं नसणार. तरी ते गायकाच्या मुलीला सांगत होते, तुझा बाप लई मोठ्या मनाचा होता, माझी चूक त्यानं कधी बोलून दाखवली न्हाय. मुलगी तिकडं रडत होती की हसत होती, मला नीट कळलं नाही.

संध्याकाळी बघते तर अण्णांनी कॅलेंडरच्या जुन्या पानामागं वीस-बावीस गाण्यांची यादी लिहून काढली होती. ओळी अर्ध्या, चालीच्या खुणा पूर्ण. कागद माझ्या हातात देत म्हणाले, "ही सापडत्यात का बग."