देऊन टाकलेलं गाव

"ग्रीक घेऊ नकोस," नवरा म्हणाला होता. "ग्रीक घेऊन कोणी जिंकत नाही." मग जरा थांबून म्हणाला, "किंवा घे. तुला काय, टाइमपासच करायचाय."

त्या दुसऱ्या वाक्यापायी मी ग्रीक घेतले.

तेव्हा गुडगावला कोणी गुरुग्राम म्हणत नव्हतं आणि मेट्रो अजून यायची होती. आमच्या सोसायटीचे काही टॉवर उभे होते, काहींचं काँक्रीट चाललं होतं. बाल्कनीतून मोहरीचं एक शेत दिसायचं आणि त्याच्या कडेला येऊ घातलेल्या मॉलची पाटी. नवरा सकाळी कंपनीच्या कॅबनं जायचा, अंधार पडल्यावर यायचा. पुण्यात मी भोसरीच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंगला होते. कुठलं मशीन कधी मोकळं होणार, कुठला माल कुठे अडकलाय, त्यावाचून कोण खोळंबणार, याची सांगड घालणं हे माझं काम. ते मला उत्तम यायचं. इथे मी सोसायटीत भाभीजी होते आणि मराठी लोकांत वहिनी. दुपारी कपड्यांचं मशीन लावलं की संध्याकाळपर्यंत कोणाला माझी गरज नसायची.

त्या गेमची सीडी नवऱ्याच्या ऑफिसातून आली. प्राचीन काळातल्या लढायांचा गेम होता. नकाशावर शहरं असतात, आपण एक राज्य निवडायचं. एक चाल म्हणजे सहा महिने. कर बसवा, सैन्य उभारा, तह करा, मोडा. नवरा आणि त्याचे मित्र झाडून सगळे रोमन घ्यायचे, कारण रोमनांना सगळंच मिळतं. सलग मुलूख, भरलेली तिजोरी, कुठल्याही प्रसंगाला चालणारं सैन्य. रविवारी हे लोक एकत्र जमून आपण कसं जग जिंकलं ते एकमेकांना सांगत बसत. मला हसू यायचं.

ग्रीकांचं तसं नाही. एक गाव ग्रीसच्या दक्षिण टोकाला, एक बेट पूर्वेला, एक पार आशियाच्या किनाऱ्यावर आणि एक पश्चिमेला सिसिलीत. चार खोल्या आपल्या, पण प्रत्येक दुसऱ्याच्या घरात. इकडून तिकडे जायचं तर शत्रूच्या समुद्रातून जा. घोडदळ म्हणजे नावाला चार घोडी. भरवसा फक्त लांब भाल्याच्या पायदळाचा. मोठ्या ढाली, चाल गोगलगायीची. समोरून आलात तर कोणाच्या बापाला ऐकायचे नाहीत. बाजूनं किंवा मागून कोणी आलं की मात्र खेळ खलास.

पहिले काही डाव मी सपाटून हरले. नवऱ्यानं संध्याकाळी चपला काढता काढता विचारावं, "काय, बुडालं का ग्रीस?" आणि मी बुडालं म्हणून सांगावं. मग एका दुपारी माझ्या लक्षात आलं की माझी माणसं मैदानात नेण्यातच चूक आहे. ती गावाच्या गल्लीत उभी करायची. दोन्ही बाजूंना घरांच्या भिंती, मागे चौक. येणाऱ्याला समोरूनच यावं लागतं. रोमनांना वेस फोडू दिली, आत येऊ दिलं आणि गल्लीत त्यांना असं पाणी पाजलं की मी खुर्चीतून उठून एकटीच टाळ्या वाजवल्या. कामवाली बाई भांडी सोडून बघायला आली.

ते गाव सिसिलीतलं. सिराक्यूज. तिथे एका बाजूला रोमन, दुसऱ्या बाजूला हत्ती घेऊन आलेले कार्थेजवाले, आणि मधे मी. ते गाव राखायचंच असं मी ठरवलं. का, ते विचारू नका. बाकीची तीन गावं कोणीही राखली असती, ते एक राखून दाखवायचं होतं. मी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. हरल्यावर जुनी सेव्ह उघडून मागे जायचं नाही. गेलं ते गेलं. नवरा आणि मंडळी रोमन असूनसुद्धा प्रत्येक लढाईआधी सेव्ह करत, हरले की मागे जात. मी एकच सेव्ह ठेवायची, आणि तीही फक्त सोसायटीची वीज जाऊन जनरेटर सुरू व्हायच्या आत यूपीएस किंचाळायला लागायचा म्हणून.

असे कितीतरी वेढे मी परतवले. तिथला माझा सुभेदार म्हातारा होत गेला, त्याच्या जागी त्याचा जावई आला. संपूर्ण हिवाळा मी त्या एका गावात होते असं म्हटलं तरी चालेल. मग रोमनांनी मोठा वेढा घातला. गावातलं धान्य संपत आलं. गल्लीतली माणसं पुरणार नव्हती. मी ऱ्होड्स बेटावर पै पै साठवून सैन्य उभं केलं, जहाजांवर चढवलं आणि तीन समुद्र पार करत, रोमन आरमाराला हुलकावणी देत सिसिलीपर्यंत आणलं. भोसरीत शिकलेलं सगळं मी त्या जहाजांवर लावलं होतं. पुढच्या चालीत कुमक किनाऱ्यावर उतरणार, वेढ्याच्या पाठीवर पडणार, आणि त्याच क्षणी आतले लोक वेस उघडून बाहेर येणार. शनिवारी संध्याकाळी मी तिथे सेव्ह केलं. ती चाल सोमवारी निवांतपणे, घर रिकामं झाल्यावर करायची होती.

मधे रविवार होता.

जेवायला नवऱ्याचा पुण्याचा मित्र आणि त्याची बायको येणार होती, आणि मयूर विहारहून त्यांच्या ऑफिसातला एक दिल्लीवाला. मित्राला किल्ल्यांचं वेड. सह्याद्रीतला एकही किल्ला त्यानं पायाखाली घालायचा ठेवला नव्हता. शाळेत आपण सगळेच शिकलो की मोगलांशी झालेल्या तहात तेवीस किल्ले द्यावे लागले. हा गृहस्थ ते तेवीसच्या तेवीस एका दमात म्हणून दाखवायचा, जेवण झाल्यावर, हात वाळेपर्यंत. एखाद्या किल्ल्यापाशी त्याचा आवाज खरोखर दाटून यायचा. मला त्याचं कौतुक वाटायचं, हे मुद्दाम सांगते.

दिल्लीच्या थंडीत कोवळा मटार स्वस्त होतो, म्हणून मटारच्या करंज्या केल्या होत्या. मित्राची बायको लाटून भरून देत होती, मी तळत होते. बाहेरच्या खोलीतून आरडाओरडा येत होता. आपले रोमन खेळत असतील असं मला वाटलं. तिनं करंजीची कड दुमडता दुमडता विचारलं, "तू म्हणे ग्रीक खेळतेस?" मी तिला सिराक्यूजची सगळी हकीकत सांगितली. तिनं कधी माऊस हातात धरला नव्हता, पण जहाजं कुठे आली, रोमनांना दिसली तर काय, असं सगळं नीट विचारलं. गावाचं नाव दोनदा म्हणून पाहिलं.

पहिला घाणा घेऊन मी बाहेर गेले. तिघं कॉम्प्युटरपुढे दाटीवाटीनं बसले होते. पडद्यावर माझा नकाशा होता आणि सिसिलीत सगळं रोमनांचं लाल.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"भाभीजी, टेन्शन खतम!" दिल्लीवाला म्हणाला. "हमने आपकी जंग ही खतम करवा दी."

"वहिनी, तुमचं ते गाव उपासमारीनं मरायला टेकलं होतं," मित्र समजावू लागला. "रोमनांना ते गाव देऊन टाकलं, बदल्यात तह. आता तुम्ही आरामात ग्रीसमध्ये बस्तान बसवा. डाव चार-पाच चाली पुढेही नेऊन दिलाय."

"माझी जहाजं?"

"कुठली जहाजं?"

नकाशावर ती दिसत होती. सिसिलीच्या किनाऱ्यालगत उभी, भरलेली. उतरायला गाव नव्हतं आणि तह झाल्यामुळे लढायला शत्रू नव्हता. या तिघांनी तिकडे बघितलंही नव्हतं.

"सेव्ह केलंत?"

"हो, तुझ्या सेव्हवरच केलं," नवरा म्हणाला. त्याला वाटलं, मी विचारतेय ते काळजीनं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "मला का नाही विचारलं? मी आत होते. बारा पावलांवर."

"अगं, तू तळत होतीस."

"विचारायला कढई आडवी येत होती?"

"अगं, गेम आहे," नवरा हसून म्हणाला. मग बाकीचे दोघंही हसले, आणि मित्रानं करंजी उचलली. "व्यवहारी निर्णय होता, वहिनी. शांतपणे विचार केलात तर पटेल."

व्यवहारी. हा शब्द मला चांगला ओळखीचा होता. गुडगावला यायचं ठरलं तेव्हाही नवरा आणि सासरे बाहेरच्या खोलीत बसून बोलले होते, मी आत पोहे करत होते, आणि बशा घेऊन बाहेर आले तेव्हा माझी नोकरी सुटलेली होती. तेव्हा मी पोहे दिले होते. या वेळी मी बशी उचलली. मित्राच्या हातात अर्धी करंजी होती ती राहू दिली. आत जाऊन गॅस बंद केला आणि म्हटलं, "उरलेल्या ज्याला खायच्यात त्यानं तळून घ्याव्यात." मित्राची बायको हात पुसून माझ्याजवळ स्टुलावर बसून राहिली. मग लोकांनी नुसता भात खाल्ला आणि तेवीस किल्ले त्या दिवशी झाले नाहीत.

पुढे अनेकांनी मला समजावलं की तो राग खरा गेमचा नव्हताच, नोकरीचा होता, एकटेपणाचा होता. गेमचाच होता. बायकांचा राग नेहमी दुसऱ्याच कशाचा तरी असतो, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. माझी माणसं समुद्रात उभी होती आणि माझं गाव गेलं होतं. त्याला राग यायला आणखी काय लागतं? सेव्ह गेलीच होती, आणि असती तरी मी मागे गेले नसते. नियम माझा होता, तो मी या तिघांसाठी मोडणार नव्हते.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर नवरा वर्तमानपत्र घेऊन झोपाळू डोळ्यांनी पडला. मी कॉम्प्युटर उघडला आणि त्याला पासवर्ड घातला. तोवर आमच्या घरी पासवर्ड नव्हता. लपवायचं काय, असं नवरा म्हणायचा.

सकाळी तो बूट घालूनच कॉम्प्युटरपुढे बसला. महिनाभर खपून केलेलं प्रेझेंटेशन त्यात होतं, पेन ड्राइव्हवर घ्यायचं राहिलं होतं, आणि ते सकाळी परदेशी साहेबांना दाखवायचं होतं. खाली कॅब येऊन उभी राहिली.

"हे पासवर्ड काय मागतंय?"

"मी घातलाय."

"काय आहे?"

"काल तुम्ही देऊन टाकलंत त्या गावाचं नाव."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. थट्टा नाही हे त्याला कळलं. त्यानं अथेन्स टाकून पाहिलं. स्पार्टा टाकलं. मग मोबाइल काढला, मला नाही विचारलं, मित्राला फोन लावला आणि फोन स्पीकरवर ठेवून दुसऱ्या हातानं टाय बांधू लागला.

"अरे, काल आपण ते गाव रोमनांना दिलं ना, त्याचं नाव काय रे?"

"कुठलं गाव?" मित्र म्हणाला. "हां, ते. अथेन्स ना? नाही? मग ट्रॉय असेल. थांब." तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी गेलेले तेवीस किल्ले ज्याच्या जिभेवर होते, त्याला काल दुपारी स्वतःच्या हातानं दिलेलं एक गाव आठवेना. "थांब, हिला विचारतो. अगं, वहिनींच्या त्या गेममधल्या गावाचं नाव माहितीये का तुला?"

फोनमधून मिक्सरचा आवाज आला. तो बंद झाला. मग मित्राच्या बायकोचा आवाज आला, चांगला मोठ्यानं. "छे बाई. मला काय कळतंय त्यातलं?"

मिक्सर पुन्हा सुरू झाला. मी खिडकीकडे तोंड केलं, कारण मला हसू आवरेना. राग होताच, पण हसूही होतं.

मग दिल्लीवाल्याला फोन झाला. "यार, कोई रोमन-सा नाम था," तो म्हणाला. खाली कॅबवाल्यानं हॉर्न दिला. नवऱ्यानं घड्याळ पाहिलं, टाय सैल केला, आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"बरं, सांग," तो म्हणाला. आवाजात आदल्या दिवशीचं हसू नव्हतं. "काय नाव होतं? आणि ती जहाजं कुठली?"

हे त्यानं पहिल्यांदाच विचारलं होतं. मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले. नाव एका सेकंदात सांगून झालं असतं. खाली पुन्हा हॉर्न वाजला, तो अर्धवट उठला.

"बस," मी म्हटलं, आणि ऱ्होड्सपासून सुरुवात केली.