दहा लाखांची नोट

वॉर्सात थंडीनं दात वाजत होते आणि कुवेतच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं तर भट्टीचं दार उघडावं तशी हवा अंगावर आली. पोलंडची सहल आटोपून मुंबईला परतताना भाचीकडे चार दिवस उतरायचं ठरलं होतं. केतकी इथं नर्स आहे, महबूला भागात राहते. मला न्यायला ती आणि तिचे शेजारी दाऊदभाई गाडी घेऊन आले होते. मूळचे रत्नागिरीकडचे, शुवैखच्या एका गॅरेजमध्ये बरीच वर्षं मेकॅनिक.

वाटेत पाणी नि केळी घेतली. पावतीवर १.२५० पाहून मी किंचाळायचीच बाकी होते. "बाराशे पन्नास?" केतकी हसत सुटली. इथं दिनाराचे हजार फिल्स (आपले पैसे), म्हणून टिंबापुढं तीन आकडे. उभा जन्म बँकेत काढलेल्या बाईची ही फजिती!

शुक्रवारी दाऊदभाईंनी जेवायला बोलावलं. बायको गावी, त्यामुळे स्वयंपाक त्यांचाच. तळलेली झुबैदी (आपलं पापलेट) आणि नारळाच्या रसातला भात. मी आडवा हात मारला. हात धुऊन आले तर त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक नोट काढली.

"तुमी पोलंडातनं आलाव ना, बाय? मग ही बघा."

तशीच नोट मी त्याच आठवड्यात वॉर्साच्या संग्रहालयात काचेआड पाहिली होती. दहा लाख झ्लॉटी.

"गॅरेजात यक पोलंडचा इंजिनेर यायचा. जाताना बक्षीस दिलान. मी इसरूनच गेलेलो. मागच्या म्हयन्यात ट्रंक आवरताना गावली." मग खाली वाकून हळूच म्हणाले, "पैसे पाठवायच्या दुकानात बोर्ड असतो ना, त्यावर यक झ्लॉटीला ऐंशी फिल्स. म्हंजे ऐंशी हजार दिनार!"

दोन कोटी रुपयांच्या वर! क्षणभर माझेही डोळे पांढरे झाले.

मग भानावर आले. कम्युनिस्ट राजवट कोसळली तेव्हा पोलंडात महागाई इतकी भडकली की पाव घ्यायलासुद्धा हजारांच्या नोटा लागत. अखेर १९९५ साली सरकारनं चार शून्यं उडवली आणि दहा हजार जुन्यांचा एक नवा झ्लॉटी केला. बोर्डावरचा भाव नव्याचा, दाऊदभाईंच्या हातातली नोट जुनी. वेळेत बदलली असती तर आठेक दिनार आले असते. आता ती मुदतही कधीच सरली होती. आडपडदा ठेवणं मला जमत नाही. मी हे सगळं एका दमात सांगून टाकलं.

ते नोटेकडे पाहत राहिले. "हिच्याच जीवावर इस्तिकाला (राजीनामा) दिलाय, बाय. तिकीटपण काढलाय."

आधी माझ्या तोंडाला कुलूप का बसलं नाही?

दुसऱ्या दिवशी राजीनामा मागे घेता येतो का पाहायला केतकी आणि मी त्यांच्याबरोबर शुवैखला गेलो. तेलकट फरशीवर त्यांच्या जागी एक नवा माणूस काम करत होता. मुदीर (मॅनेजर) वाईट नव्हता, चहाही पाजला. पण म्हणाला, "खलास." दाऊदभाईंनी सगळ्यांशी हात मिळवले आणि आपले पाने तिथंच ठेवून बाहेर आले.

त्यांचं तिकीट माझ्याच विमानाचं निघालं. साऱ्या प्रवासात ते खिडकीबाहेर बघत होते. मी मात्र मनाशी हिशेब मांडत होते. एखादा देश कागदावरची शून्यं पुसतो आणि त्याची झळ कुठल्या कुठं कोकणातल्या घराला लागते, हे मला कोणत्याच बँकेनं शिकवलं नव्हतं.

मुंबईला बाहेर येताना ते म्हणाले, "बाय, आजचा दिवस गप राव. घरच्यांस्नी घरी गेल्यावर मीच सांगतो."

दारापाशी रत्नागिरीहून भाड्याची गाडी करून आख्खं घर आलं होतं. हार होते, पेढे होते. त्यांच्या बायकोनं, हमीदाबाईंनी, नवी साडी नेसली होती. त्यांनी माझा हात धरला.

"तुमीच ना त्या बँकेच्या बाई? फोनवर सांगितलान यांनी, तुमास्नी नोट दाखवणार म्हणून. खरं सांगा, किती शून्यं हायत तिच्यावर?"

दाऊदभाई माझ्याकडे पाहत होते.

"सहा," मी म्हणाले.