डिकीतली अढी

आमच्या मिरजोळ्यात हरिहर दामल्यांएवढा दिलदार माणूस नाही, असं हरिहर दामले स्वतःच सांगतात. पोस्टातून निवृत्त झाले, हापूसची कलमं राखतात आणि आपली जुनी पांढरी गाडी नवऱ्या मुलासारखी पुसून ठेवतात.

मे महिन्यात त्यांची बहीण हेमाताई ठाण्याहून आली. पायरीवरूनच तिने विचारलं, "दादा, विहिरीवरच्या कलमाचे आंबे ठेवलेस ना?" ते कलम त्यांच्या आईने लावलेलं.

"अगो, यंदा त्याला मोहोरच नाही!"

बिचारी मुक्कामभर डागी आंबे खात राहिली.

परतीच्या सकाळी स्टेशनवर निघायचं, तर गाडी चालू होईना. किल्ली फिरवली की नुसतं टक्. हरिहरभाऊंनी लगेच सुनेवर, भार्गवीवर, तोफ डागली. "परवा हीच घेऊन गेली होती! दिवे चालू ठेवलेन, बॅटरी उतरली!"

शेजारी म्हणून मला हाक आली. मी माझी गाडी समोर लावली, केबल जोडायला घेतल्या. हेमाताई बॅग ठेवायला मागे वळली, तर हरिहरभाऊ ओरडले, "डिकीत नको गो! मांडीवर घे!"

माझ्या बॅटरीच्या जोरावर इंजिन सुरू झालं, पण हिवताप भरल्यासारखं थरथरायला लागलं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बरं, पाय काढला की आचके. बॉनेटखाली वाकून पाहिलं, तर एअर फिल्टरपाशी पेंढा आणि शेजारची बारीक रबरी नळी उंदराने कुरतडलेली. "इथून हवा शिरतेय," म्हणत मी चिकटपट्टी गुंडाळली. थरथर थांबली.

"पण गाडीत पेंढा कुठून?" भार्गवीने विचारलं.

"उंदीर! कुठूनही आणतात मेले," हरिहरभाऊ घाम पुसत म्हणाले.

"आणि बाबा, डिकीत दिवा कसला लागलाय?"

डिकीचं झाकण पुरतं बसलेलं नव्हतं, सुतळीने बांधलेलं होतं. बॅटरीत जीव होता तोवर फटीतला तो दिवा रात्रंदिवस जळत राहिला होता. हेमाताईने सुतळी सोडली. आंबे पिकवायला रचलेली पेंढ्याची जाड अढी, तिच्यात विहिरीवरचे आंबे. काही पिवळे झालेले. वासाने अख्खं अंगण भरलं.

हरिहरभाऊंचे कान लाल झाले.

"भार्गवी, ते दिव्याचं मी उगाच..." एवढंच त्यांच्या तोंडून फुटलं.

हेमाताईने एक आंबा हुंगला. "ट्रेन तर चुकलीच. कच्चे पिकेपर्यंत राहते आता," म्हणत ती पदरात आंबे भरून घरात गेली.

हरिहरभाऊ गाडी बंद करायला निघाले. मी त्यांना अडवलं. "थांबा, बॅटरी चार्ज होऊ दे. बंद केलीत तर पुन्हा बसेल."

म्हणून ते स्टिअरिंग धरून तसेच बसले. जाणारा-येणारा विचारी, "काय भाऊ, कुठे दौरा?" आणि ते डॅशबोर्डवरचे काटे बघितल्यासारखं करत.

जरा वेळाने हेमाताई बशी घेऊन बाहेर आली. फोडी त्यांच्या आवडीच्या, जाड.

"घे दादा. यंदा मोहोरच नाही ना, म्हणून पहिली बशी तुला."

बशी त्यांनी मांडीवर घेतली. मान मात्र वर झाली नाही.