एक वाजताचं जेवण

भाऊंच्या हातात कुठलीही नवी वस्तू द्या, ते आधी ती उलटी करून बघत. चप्पल असो, रिकामा कप असो, नाहीतर कुणाच्या मुंजीत मिळालेला स्टीलचा डबा असो. बुडाकडून नीट न्याहाळायचे आणि म्हणायचे, "दिसतं तेवढं सरळ नसतं हो." तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. पण आमच्या भाऊंइतका मन लावून संशय घेणारा मी तरी दुसरा पाहिला नाही.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. आपलं नाव कुठे लिहिलं जातं आणि तिथून पुढे कुठे जातं, याबद्दल त्यांना फार शंका असत.

रत्नागिरीत बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात आम्ही दोघं कामाला होतो. ते सुपरवायझर, मी ऑफिसात. बोटी समुद्रात जाण्याआधी बर्फ भरून घेत. साच्यातून लाद्या निघत, घसरत दारापर्यंत येत आणि चुरा होऊन बोटीच्या पोटात जात. या धंद्यात एक गोची असते. हिशेबात कमी भरलेली लादी वितळली की कुणी उचलली, हे मागाहून सांगता येत नाही. चोराने नेली तरी खाली ओल राहते आणि उन्हाने नेली तरी ओलच राहते. भाऊंनी सगळी नोकरी त्या ओलीकडे बघत काढली. माणूस संशयी होईल नाहीतर काय.

पण ही सवय कारखान्याच्या खुंटीवर टांगून घरी जाता येत नाही. भाऊंचं घर टेकाडावर. रस्त्यापासून वर जायला जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे डोंगरात बांधून काढलेल्या पायऱ्या. उन्हाळ्यात नळाला करंगळीएवढी धार यायची, तीही एखाद्या दिवशी. मग वहिनी पायथ्याच्या विहिरीवरून कळशी घेऊन वर चढायच्या. पंप बसवा म्हणून मी कितीदा सांगितलं. भाऊ म्हणायचे, पंप बसवणारा विहीर बघून जाईल आणि चार जणांना सांगेल. मिक्सरमधली चटणी गरम होते, म्हणून घरात पाटा. वॉशिंग मशीन दाराआड काय करतं ते दिसत नाही, म्हणून अंगणात धुण्याचा दगड. फ्रिजवर तर त्यांचा खास राग होता. "बर्फ करायला किती आटापिटा लागतो ते मला विचार," असं ते मला म्हणायचे. "ते कपाट एका कोपऱ्यात उभं राहून गुपचूप बर्फ करतं. काय तरी आहे त्यात."

आम्ही हसायचो. मला तेव्हा सुचलं नव्हतं, भाऊंनाही नव्हतं, की त्यांच्या प्रत्येक संशयाचं काम वहिनींच्या अंगावर पडत होतं. आणि दुपारी बाराच्या ठोक्याला भाऊंना पान वाढलेलं लागायचं. कारखान्यातून जेवायला घरी यायचे आणि पाटावर बसता बसता घड्याळाकडे बघायचे.

भाऊ निवृत्त झाले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात वहिनी भरलेल्या कळशीसकट पाखाडीवरून घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी घेऊन चालूही लागल्या, पण डॉक्टरांनी सांगितलं की चढउतार बंद. शिवाय त्या फार गप्प झाल्या होत्या. एरवी शेजारणीशी अंगणातून मोठ्याने बोलणारी बाई दिवसचे दिवस खिडकीत बसून राहायची. एकदा मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "भावोजी, आता माझा कुणाला काय उपयोग?" मी काहीतरी समजुतीचं बोललो, पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

मुलगी मुंबईला होती. तिच्या मजल्यावरचाच शेजारचा लहान फ्लॅट रिकामा झाला, तेव्हा तिने आणि जावयाने तो या दोघांसाठी भाड्याने घेतला. भाऊ मला बंदरावर एका बाजूला घेऊन गेले.

"एवढं कशाला केलंन त्यानं?"

मी म्हटलं, जावई चांगला आहे म्हणून. भाऊंना ते पटण्यासारखं नव्हतं. त्यांच्या मते जावयाचा डोळा घरामागच्या हापूसच्या कलमांवर होता. मी म्हटलं, भाऊ, त्याला आंबा बाधतो, तो तोंडाला लावत नाही. "तोच तर संशय," भाऊ म्हणाले. "खात नाही, मग कलमांची चौकशी कशाला करतो?" जावयाने आयुष्यात एकदा विचारलं होतं, यंदा मोहोर कसा आहे.

शेवटी वहिनींच्या पायासाठी ते निघाले. सामानाच्या टेम्पोबरोबर मी गेलो. टेम्पोत पाटा होता, वरवंटा होता आणि पायथ्याच्या विहिरीच्या पाण्याचे दोन कॅन होते. मुंबईचं पाणी मिळेपर्यंत असावं म्हणून.

लिफ्टपाशी भाऊंनी मला पुढे केलं. तू वर जाऊन ये, मग आम्ही येतो. मी गेलो आणि जिवंत परत आलो, तेव्हा ते आत शिरले. आत आरसा होता. भाऊ त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि हलक्या आवाजात मला म्हणाले, आरसा उगाच लावत नाहीत, माणसाचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून लावतात.

घरात गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघराचा नळ सोडला आणि पाणी कधी थांबतं ते बघत उभे राहिले. पाणी थांबेना. मग त्यांनी बादल्या भरल्या, पातेली भरली, कुकरसुद्धा भरून ठेवला. तेवढ्यात न्हाणीघरात वहिनींनी दुसरा नळ सोडला होता. त्याला गरम पाणी होतं. त्या भिंतीला टेकून, काठी काखेत धरून, दोन्ही हात त्या धारेखाली घेऊन उभ्या होत्या. डोळे मिटलेले. आंघोळीचं पाणी तापवायला त्यांनी आजवर नारळाची किती सोडणं आणि किती सुकी झावळं जाळली असतील, देव जाणे. बऱ्याच वेळाने त्यांनी नळ बंद केला आणि म्हणाल्या, "ज्यानं कुणी हे केलंन, त्याचं भलं होवो."

मी रत्नागिरीला परत आलो आणि भाऊंचे फोन सुरू झाले. ते गॅलरीत जाऊन, तोंडावर हात धरून बोलत असावेत. गॅस भिंतीतून येतो आणि संपत नाही, म्हणजे कुठेतरी कुणीतरी आपल्यावर लक्ष ठेवून आहे. दिवे जात नाहीत, हेही बरं लक्षण नाही. वॉचमन रोज नमस्कार करतो. रोज पहाटे उठून ते सगळी भांडी भरत आणि वहिनींना ती रोज रिकामी करावी लागत, कारण स्वयंपाकाला भांडं उरत नसे.

मग एक दिवस फोनवर त्यांचा आवाज वेगळा होता. वहिनी कुठेतरी जातात, असं ते म्हणाले. रोज सकाळचा स्वयंपाक उरकला की लेकीकडे जाते म्हणून सांगतात आणि बाहेर पडतात. पण लेक तर नोकरीला गेलेली असते. भाऊंनी जाऊन बघितलं, दाराला कुलूप. बाराच्या आत वहिनी परत येतात, धापा टाकत, आणि पान वाढतात. विचारलं तर विषय बदलतात.

मी सहज हसण्यावारी नेणार होतो, पण मला वहिनींचं ते खिडकीतलं वाक्य आठवलं. भाऊंचा संशय मला पहिल्यांदाच खरा वाटला. काहीतरी होतं यात. कुणी बुवाबाबा गाठला असेल का? दुखणं वाढलं असेल आणि चोरून दवाखान्यात जात असतील का? कारखान्याच्या मशीनचा एक सुटा भाग आणायला मला मुंबईला जायचंच होतं. मी ते काम अलीकडे ओढून घेतलं.

मी पोचलो त्या दिवशी वहिनींनी मला चहा दिला, कुकर उतरवला आणि लेकीकडे जाऊन येते म्हणून काठी घेऊन निघाल्या. भाऊंनी मला खूण केली. दार थोडं उघडं ठेवून आम्ही दोघं फटीतून बघत राहिलो. दोन म्हातारे होत चाललेले पुरुष एका बाईवर पाळत ठेवतायत, हे मला त्या वेळी जराही विचित्र वाटलं नाही. वहिनी लेकीच्या दारावरून पुढे गेल्या आणि लिफ्टमध्ये शिरल्या.

आम्ही लिफ्टपाशी गेलो. दारावर मजल्याचा लाल आकडा दिसतो ना, तो बघत उभे राहिलो. मला वाटलं होतं आकडा खाली उतरेल. तो वर चढायला लागला. चढत चढत सगळ्यात वरच्या मजल्यावर जाऊन थांबला.

"वर गच्ची आहे," भाऊ म्हणाले.

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. आतापर्यंत त्यांच्या मनात जे काही होतं ते सगळं पुसलं गेलं होतं आणि एकच गोष्ट उरली होती. माझ्याही मनात तीच होती. दुसरी लिफ्ट आली. मला पुढे न करता भाऊ आधी आत शिरले आणि बटण दाबत राहिले.

वरच्या मजल्यावरून गच्चीला अर्धा जिना होता, कठड्याला धरून चढण्याइतका. भाऊ तो कसे चढले, कळलं नाही. वाळवणं घालता यावीत म्हणून गच्चीचं दार दुपारपर्यंत उघडं असे. भाऊ दाराशी पोचले आणि एकदम थांबले. मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं.

पाण्याच्या टाकीच्या सावलीत सिमेंटचा एक बाक होता. वहिनी त्यावर बसल्या होत्या. काठी बाजूला, चप्पल काढून ठेवलेली. कुणी बुवा नाही, कुणी बाई नाही, हातात पोथी नाही, माळ नाही, निवडायला भाजीसुद्धा नाही. समोर इमारतींच्या मधून खाडीची एक पट्टी दिसत होती, पण त्या तिकडेही बघत नव्हत्या. वारा खात बसल्या होत्या आणि लहान मुलीसारखे पाय हलवत होत्या. दुखरा पाय जरा कमी, दुसरा जास्त.

आम्ही किती वेळ उभे होतो कोण जाणे. भाऊ अजून वाट बघत होते. कुणीतरी येईल, काहीतरी होईल, याची. काही झालं नाही. शेवटी ते हळूच मागे वळले आणि आम्ही आवाज न करता खाली आलो.

लिफ्टमध्ये ते पहिल्यांदाच आरशाकडे तोंड करून उभे होते. "नुसती बसलीय रे," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "मी तिला नुसती बसलेली कधी बघितलीच नव्हती."

घराचं दार उघडताना त्यांनी मला बजावलं की हे वहिनींना सांगायचं नाही. आपण बघितलं असं कळलं तर तिला लाज वाटेल आणि ती पुन्हा वर जायची नाही. मी कबूल केलं.

वहिनी घाईघाईने परत आल्या, कपाळावर घाम. पानं घ्यायला लागल्या तेव्हा भाऊ वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "उद्यापासून मला एक वाजता वाढत जा. इथं आल्यापासून लवकर भूक लागत नाही."

भाऊ संशय खूप घेत, पण खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. हे पहिलंच. आणि छान बोलले, शब्द अडखळला नाही.

पुढे हळूहळू बातम्या येत गेल्या. पहाटे भांडी भरणं बंद झालं. मग त्यांनी आपण होऊन जावयाला मिक्सर आणायला सांगितलं. आणल्यावर उलटा करून बघितला, तो भाग वेगळा. जावयावरचा संशय मात्र त्यांनी सोडला नाही. मला वाटतं, एवढ्या सगळ्या सुखात हाताशी काहीतरी ओळखीचं असावं म्हणून तो ठेवला असावा. कलमांच्या पहिल्या आंब्यांची पेटी दरवर्षी मी पाठवायचो. ती जावयासमोर उघडून भाऊ त्याच्या चेहऱ्याकडे बारकाईने बघायचे, असं लेक हसत सांगायची.

काही वर्षांनी भाऊ गेले. पोटाचं दुखणं निघालं आणि फार दिवस टिकले नाहीत. मला वेळेवर पोचता आलं नाही. दिवसकार्य झाल्यावर मी वहिनींना भेटायला गेलो.

वहिनींनी जेवायला वाढलं. स्वतः माझ्यासमोर खुर्चीवर बसल्या. भाऊंच्या आजारपणाचं सांगत होत्या, सांगता सांगता थांबल्या. म्हणाल्या, दोष माझाच आहे भावोजी. ह्यांची भूक तर मुंबईला आल्या आल्याच गेली होती. बाराला जेवणारा माणूस एक वाजता जेवायला लागला, तेव्हाच दुखणं सुरू झालं असणार. मला कळायला हवं होतं. पण मला उलट बरंच वाटलं.

"का बरं वाटलं?" मी विचारलं, मला माहीत असूनही.

त्यांनी मान खाली घातली. मग एखादा गुन्हा सांगावा तसं मला गच्चीवरचं सांगितलं. मी तिकडे पाय हलवत बसायचे आणि इथे ह्यांना भूक लागेनाशी झाली होती, असं म्हणाल्या. हे त्या भाऊ गेल्यापासून कुणाशीही बोलल्या नव्हत्या. गच्चीवर जाणंही त्यांनी बंद केलं होतं.

माझा घास हातातच राहिला. मी भाऊंना शब्द दिला होता. पण ज्या माणसाला तो दिला होता, त्याने तो कशासाठी मागितला हेही मला ठाऊक होतं. मी वहिनींना सगळं सांगितलं. दाराची फट, लाल आकडा, दुसरी लिफ्ट, अर्धा जिना. भाऊंना भूक बाराचीच होती, हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी निघण्याआधी मी त्यांच्या शेजारी बसलो होतो आणि बारापासून एक वाजेपर्यंत त्यांचं पोट वाजताना ऐकलं होतं, तेही सांगितलं.

वहिनी ऐकत राहिल्या.

"दारापर्यंत आले होते?"

"हो."

"आणि तसेच परत गेले?"

"हो."

मला वाटलं त्या आता रडतील. त्या जरा रागावल्या.

"मग पुढे यायचं की," वहिनी म्हणाल्या. "बाकावर जागा होती."