प्रवासाचा लॅपटॉप

आमच्या ऑफिसात प्रवीणभाऊंच्या टेबलाला एक खण आहे. त्यात जुने चार्जर पडलेले असतात. कोणता कशाचा, हे कोणालाच ठाऊक नाही, पण फेकायची हिंमत कोणी करत नाही. एक ओढला की गुंत्यातून चार बाहेर येतात. किस्स्यांचंही तसंच आहे. चहाच्या टपरीवर कोणी एक काढतो आणि बाकीचे आपोआप मागे येतात. आमचे किस्से बहुतेक लॅपटॉपचे. लोक हसतात. मलाही आधी हसू यायचं, आता येत नाही.

ऑफिस नागपुरात, रामदासपेठेत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. आम्ही गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. मालकाला आम्ही नुसतं ‘सर’ म्हणतो. प्रवीणभाऊ सगळी मशिनं सांभाळतात. कोड लिहिणारे येतात आणि पुण्याला निघून जातात. टिकून राहिलो ते मी आणि वैशाली. टिकून राहिलो असं आम्ही म्हणतो, पुण्यातले लोक ‘अडकले’ म्हणतात.

*

आमच्याकडे लॅपटॉप विकत मिळत नाही, वारसाहक्काने मिळतो. कोणी सोडून गेला की त्याचं मशीन पुढच्याला. मला राकेशचं मिळालं. राकेशला मी कधी पाहिलं नाही. मी लागलो त्याच्या आदल्याच आठवड्यात तो पुण्याला गेला होता.

पहिल्या दिवशी मशीन उघडलं तर पडद्यावर ‘वेलकम, राकेश’.

“प्रवीणभाऊ, आत राकेशचं नाव आहे.”

“राहू दे ना गा,” प्रवीणभाऊ म्हणाले. “ते पुसलं तं सगळं पुन्हा बसवा लागते. झाकणावर तुझं नाव चिकटवलं ना? झालं मंग.”

आमच्याकडे मशीन हस्तांतरित होतं म्हणजे झाकणावरचं स्टिकर बदलतं. आत जो असतो तो तिथेच राहतो. मी लिहिलेल्या प्रत्येक ओळीखाली मशीन आपलं राकेशचं नाव टाकत गेलं, आणि मीही कंटाळून बोलणं सोडलं.

मग एकदा पगारवाढीची मीटिंग आली. कोणी किती काम केलं त्याचा तक्ता सरांनी भिंतीवर लावला आणि बोट ठेवलं.

“हा राकेश पाहा. कुठं बडबड नाई, काही नाई. चुपचाप काम करून राहिला. शिका थोडं त्याच्यापासून.”

मी म्हटलं, “सर, राकेश पुण्याला गेला.”

सरांनी तक्त्यावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. मग भारावून म्हणाले, “म्हणजे तिथूनही करून राहिला?”

त्या वर्षी माझी वाढ झाली नाही. राकेशला मात्र सरांनी दिवाळीचा मेसेज पाठवला.

*

सरांना क्वचित नवीन मशीन घ्यावंच लागलं, तर ते बाजारात कोहळं घेतात तसं घेतात. हातात उचलून तोलायचं, वरून थापटायचं, आणि जड लागलं की खूश व्हायचं. “दम पाह्यजे मशिनीत,” हे त्यांचं एकमेव शास्त्र. असंच एकदा त्यांनी सीताबर्डीवरून एक खेळ खेळायचं मशीन आणलं. चालू केलं की लाल दिवे लागायचे आणि पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. चार्जर तर विटेएवढा. ते वैशालीच्या वाट्याला आलं.

वैशाली रामटेकची. रोज बसने येते-जाते. बसमध्ये उभं राहायची वेळ आली की बसलेल्या माणसाच्या मांडीवर आपली पिशवी द्यायची, हा आपल्याकडचा रिवाज. तिने एका म्हातारीच्या मांडीवर बॅग ठेवली. मनसरच्या थांब्यापर्यंत म्हातारीने ती सांभाळली. मग पाय हलवून म्हणाली, “काय वं बाई, वरवंटा घेऊन जाऊन राहिली का पाट्यासंगं?”

“लॅपटॉप आहे, आजी. प्रवासात काम करायले सोपं पडते म्हणून देल्ला.”

“कोणाले सोपं पडते?” आजीने विचारलं.

वैशालीने हा प्रश्न दुसऱ्या दिवशी तसाच्या तसा सरांना सांगितला. सर खूप हसले. मशीन तेच राहिलं.

*

दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रपूजा होते, म्हणजे सगळे लॅपटॉप सतरंजीवर उघडे मांडतात. सरांच्या बायको, वहिनी, भक्तिभावाने हळदकुंकू वाहतात. त्यांचा भाऊ तुषार अक्षता टाकतो. तुषारची ओळख करून द्यायची तर तो सरांचा साळा. याहून वेगळं पद त्याला कधी लागलं नाही. स्वतःचा लॅपटॉप नाही, कारण “धंदा फोनवर होते”.

त्या वर्षी त्याने अक्षता अशा काही फेकल्या की एक दाणा वैशालीच्या मशीनच्या सगळ्यात मोठ्या बटणाखाली जाऊन बसला. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची म्हटलं की अंगठ्याने बुक्की मारावी लागायची. प्रवीणभाऊ बटण उघडायला पेचकस घेऊन आले, तर सरांनी हात धरला.

“पूजेचा आहे. राहू दे. लाभते.”

वैशाली बिचारी दिवाळीपर्यंत बुक्क्या मारत होती. शेवटी तिने घरी नेऊन आईच्या सुईने दाणा काढला. लाभ काय व्हायचा तो तुषारला झाला, पण ते पुढे.

*

आता जर्मनीचं. तिथल्या एका गोदामाचं सगळं सॉफ्टवेअर वैशालीने लिहिलेलं आहे. त्यांच्या प्रमुख बाई वर्षानुवर्षं तिच्याशी मेलवर बोलतात, ख्रिसमसला तिला झाडाचे फोटो पाठवतात. आमच्यातलं कोणीतरी तीन महिने तिकडे जायचं, हे दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी पुढे ढकललं जायचं. वैशालीला जायचं होतं. तिने कधी तोंडाने मागितलं नाही, पण पासपोर्ट काढून ठेवला होता, आणि बसमध्ये हेडफोन कानात घालून जर्मन शिकायची. आपण लिहिलेली गोष्ट खऱ्या गोदामात चालताना एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढंच तिला हवं होतं.

या वर्षी सर म्हणाले, “वैशाली, प्रवासाचा लॅपटॉप घेऊन टाकू. कोडिंगही झालं पाह्यजे अन् हलकाही पाह्यजे. तूच निवड.”

तूच निवड! आमच्या ऑफिसात हे वाक्य कोणी कधी ऐकलं नव्हतं.

मग सगळा मजला सल्लागार झाला. एक म्हणाला स्क्रीन मोठी घे. दुसरा म्हणाला मोठी घेतलीस तर विमानात समोरच्याच्या पाठीला लागेल. प्रवीणभाऊ म्हणाले, उघडून पुसता येईल असा घे. खालच्या दवाखान्यातला कंपाउंडरही पायरीवर थांबवून बॅटरीबद्दल बोलून गेला. वैशाली सगळ्यांचं ऐकायची आणि शेवटी आपलंच बघायची. बॅटरी दिवसभर टिकली पाहिजे. वजन खांद्याला कळू नये. मेमरी भरपूर, कारण चाचणीसाठी अख्खं नकली गोदाम आत चालवून बघावं लागतं. बटणं अशी की अंगठ्याने बुक्की मारावी लागू नये.

लॅपटॉप आला. तिने स्वतः सगळं आत बसवलं. तिची आई उमरेडच्या कोष्ट्यांच्या घरातली. घरचा माग बंद होऊन जमाना झाला, पण त्यावरचं शेवटचं सुती कापड तिने पेटीत जपून ठेवलं होतं. त्याचं तिने लॅपटॉपला कव्हर शिवलं, लाल काठाचं. माप इतकं बरोबर की आत सरकवला की हलायचा नाही. वैशालीने ते मला तीनदा दाखवलं. मीही तीनदा पहिल्यांदा बघतोय असं बघितलं.

*

पुढच्या सोमवारी प्रवीणभाऊ स्टिकर घेऊन आले. त्यावर ‘तुषार’ होतं. लावायच्या आधी त्यांनी वैशालीच्या टेबलाशी येऊन झाकण बाहीने दोनदा पुसलं. मग स्टिकर लावून गेले.

वैशाली सरांच्या केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं.

“काहून, सर?”

“अवं, तुषारले बोलता येते लोकांसंगं,” सर म्हणाले. “अन् तू गेली तं इथं काम कोण करन?”

ती केबिनमधून परत येऊन आपल्या जागी बसली. चांगलं काम करणाऱ्याला जागेवर खिळवून ठेवायचं आणि वर त्यालाच कौतुक म्हणायचं, याचा मला मनापासून संताप येतो. तेव्हाही आला होता. मी खुर्चीतून उठलो नाही.

तुषार लॅपटॉप घ्यायला आला तेव्हा तिने कव्हर काढायला हात घातला. तो म्हणाला, “राहू द्या ना मॅडम, मस्त दिसून राहिलं.” लॅपटॉप लाल काठासकट जर्मनीला गेला.

*

जर्मनीतला पहिला मोठा डेमो आम्ही इथून बघत होतो. तुषारला सॉफ्टवेअरचं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून सरांनी अशी व्यवस्था केली होती की तुषारने तिकडे कोट घालून उभं राहायचं आणि वैशालीने इथे नागपुरात बसून त्याच्या लॅपटॉपचा माउस चालवायचा. सर कॅमेऱ्यासमोर. आम्ही दोघं कॅमेऱ्यात दिसणार नाही असे, भिंतीला खुर्च्या लावून.

तुषारने लॅपटॉप तिथल्या मोठ्या पडद्याला जोडला. भिंतभर अक्षरं उमटली, ‘वेलकम, वैशाली’.

त्या प्रमुख बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. चेहरा एकदम फुलला. दाराकडे बघत त्यांनी विचारलं, “वैशाली आली आहे? कुठे आहे ती?”

तुषारने पडद्याकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं. मग त्याला लोकांशी बोलता येतं ते आम्हाला दिसलं. हसून तो इंग्रजीत म्हणाला, “नो नो मॅडम. वैशाली हे या लॅपटॉपचं नाव आहे.”

वैशालीने माउसवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला.

तिकडे भिंतीवरचा बाण जागच्या जागी थांबला. तुषार एक बटण दाबून बघत होता, मग दुसरं. बाई वाट बघत होत्या. सरांनी कॅमेऱ्याकडे हसतच, ओठ न हलवता म्हटलं, “वैशाली, पुढं घे ना वं.”

वैशाली म्हणाली, “लॅपटॉपले सांगा, सर.”